पावशेराचा पट्टा

अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे जगभर यूएफसी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकी संस्थेच्या लाइटवेट वर्गाची क्रमवारी अभ्यासायला बसणाऱ्या नवख्या वाचकाने एक गोष्ट आरंभीच ध्यानात घ्यावी, ती ही की या यादीत पहिल्या क्रमांकावर असलेला लढवय्या दुसरा असतो. लग्नपत्रिकेच्या माथ्यावर गणपतीचे चित्र असावे तसा विजेता यादीच्या डोक्यावर बिनक्रमांकाने विराजमान असतो, आणि त्याच्याखाली एकपासून पंधरापर्यंत आकडे उतरत जातात. त्यामुळे दुसऱ्याला पहिला आणि सोळाव्याला पंधरावा म्हणण्याचा प्रघात पडला असून त्याबद्दल कोणाचीही तक्रार नाही. फेब्रुवारी २०१३पासून ही यादी पत्रकारांच्या एका मंडळाच्या मतदानाने ठरत आली आहे. म्हणजे पिंजऱ्यात कधीही पाऊल न टाकलेली माणसे, पिंजऱ्यात एकमेकांशी अद्याप न लढलेल्या माणसांपैकी कोण कोणाला मारील, हे बहुमताने ठरवतात. लोकशाहीवर इतका गाढ विश्वास अन्य कोणत्याही हाणामारीच्या क्षेत्रात आढळत नाही.

ज्या खेळाची ही यादी, त्याला मिक्स्ड मार्शल आर्ट्स किंवा मिश्र युद्धकला म्हणतात. मुष्टियुद्धातले ठोसे, थाय पद्धतीच्या लाथा व गुडघे, कुस्तीतली उचल-आपट आणि ब्राझिली जुजुत्सूतले गळा आवळण्याचे व सांधे पिरगाळण्याचे डाव, हे सारे एकाच अष्टकोनी पिंजऱ्यात चालते. पाच मिनिटांची एक फेरी, साध्या लढतीला बहुधा तीन आणि पट्ट्याच्या लढतीला पाच फेऱ्या असा हिशेब असतो. पट्टा म्हणजे विजेत्याच्या कमरेला बांधण्यासाठी असलेला आणि बहुधा खांद्यावरच मिरवला जाणारा सोनेरी दागिना. प्रतिस्पर्धी बेशुद्ध पडला, त्याने हाताने थोपटून शरणागती पत्करली किंवा पंचाने मध्ये पडून लढत थांबवली, तर निकाल लागतो. यांपैकी काहीच घडले नाही तर तीन गुणलेखक निकाल देतात आणि मग खरी हाणामारी प्रेक्षकांत सुरू होते.

आरंभी या खेळाला क्रमवारीची गरज नव्हती, कारण विचार करायला कोणाला सवडच ठेवलेली नव्हती. १२ नोव्हेंबर १९९३ रोजी डेन्व्हर शहरात झालेल्या पहिल्या स्पर्धेत आठ जण उतरले, वजनाचे कसलेही बंधन नव्हते आणि अंतिम निकाल त्याच रात्री लागायचा होता. तीत तैला तुली हा अवाढव्य सुमो मल्ल आणि जेरार्ड गोर्दो हा किक मारण्यात तरबेज असलेला डच लढवय्या यांची गाठ पडली. अर्ध्या मिनिटाच्या आत सुमो मल्लाचा दात उखडला, आणि त्याचा काही अंश डच लढवय्याच्या पायात रुतून पुढच्या फेरीत गेला. आर्ट जिमर्सन हा मुष्टियोद्धा एकाच हातात ग्लव्ह घालून आला होता, बहुधा निम्मी तयारी पुरेल या हिशेबाने. हे सारे पार करून रॉइस ग्रेसी या सडसडीत ब्राझिली माणसाने एका रात्रीत तिघांना शरण आणले, आणि 'सर्वांत वरचढ कोण' या प्रश्नाचा निकाल कोणत्याही समितीवाचून झोपण्याच्या वेळेपर्यंत लागला.

मग वजनाचे वर्ग आले आणि त्यांच्याबरोबर विद्वत्ता आली. फेब्रुवारी १९९७मध्ये प्रथम दोनच वर्ग पाडण्यात आले, आणि त्यांतला 'लाइटवेट' म्हणजे हलका वर्ग दोनशे पौंडांच्या आतला होता; म्हणजे नव्वद किलोंचा माणूस अधिकृत कागदावर हलका ठरला. आजच्या मर्यादेचा, १५५ पौंडांचा म्हणजे सुमारे ७०.३ किलोंचा वर्ग २००१च्या सुमारास रुजला. त्याला आधी भलतेच नाव देण्यात आले आणि काही महिन्यांतच ते बदलून 'लाइटवेट' करण्यात आले. पहिला विजेता जेन्स पुल्व्हर संस्था सोडून गेल्यावर रिकाम्या पट्ट्यासाठी एक स्पर्धा घेण्यात आली. तिचा अंतिम सामना २००३मध्ये बी. जे. पेन आणि काओल उनो यांच्यात झाला व तो बरोबरीत सुटला. श्रेष्ठ कोण हे ठरवण्यासाठी भरवलेल्या स्पर्धेतून 'दोघेही' किंवा 'कोणीच नाही' एवढाच निष्कर्ष निघाल्यावर संस्थेने तो पट्टा २००६पर्यंत कपाटात ठेवून दिला. क्रमवारीशास्त्राच्या इतिहासात इतका प्रामाणिक निर्णय पुन्हा झालेला नाही.

वर्ग वजनाचा असला तरी ते वजन कोणाचे आणि कधीचे, हा प्रश्न सूक्ष्म आहे. लाइटवेट लढवय्या वर्षाचे बहुतेक दिवस सत्तर किलोंहून बराच जड असतो. लढतीच्या आदल्या सकाळी काट्यावर उभे राहण्यासाठी तो आहारातले मीठ तोडतो, पाणी तोडतो, वाफेच्या खोलीत आणि कढत पाण्याच्या टबात बसून अंगातले पाणी घामावाटे काढतो, क्षणभर काट्यावर सत्तर किलोंचा होतो आणि खाली उतरताच बाटली तोंडाला लावून पुन्हा मूळ पदावर येऊ लागतो. या विधीला 'वेट कट' म्हणजे वजन उतरवणे असे नाव आहे. लढतीच्या रात्री पिंजऱ्यात समोरासमोर उभे राहणारे दोघेही त्यांच्या वर्गात बसत नाहीत. मात्र आदल्या दिवशी दोघेही बसत होते, याची सरकारी नोंद असते.

या नोंदीचे माहात्म्य ७ मे २०२२ रोजी फिनिक्स शहरात सिद्ध झाले. ब्राझीलचा चार्ल्स ऑलिव्हेरा हा लाइटवेटचा विजेता आदल्या दिवशी काट्यावर उभा राहिला आणि काट्याने १५५.५ दाखवले. साध्या लढतीत एका पौंडाची सवलत असते. पट्ट्याच्या लढतीत ती नसते. तासाभराची मुदत मिळूनही तो अर्धा पौंड हलला नाही. अर्धा पौंड म्हणजे सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास, जुन्या मापाने जवळजवळ बरोबर पावशेर. मराठीत शेरास सव्वाशेर भेटतो असे म्हणतात आणि त्यातल्या वरच्या पावशेराकडे आजवर कोणी निरखून पाहिले नव्हते. फिनिक्समध्ये तो पावशेर स्वतंत्रपणे प्रकट झाला आणि त्याने एकट्याने जगज्जेत्याला पदच्युत केले. दुसऱ्या दिवशी ऑलिव्हेराने जस्टिन गेजीचा गळा पहिल्याच फेरीत आवळून लढत जिंकली, पण पट्टा रिकामाच राहिला आणि विजेत्याला 'पहिल्या क्रमांकाचा आव्हानवीर' म्हणून घोषित करण्यात आले. आव्हान कोणाला, हे मात्र सांगता येण्यासारखे नव्हते, कारण वर कोणीच नव्हते.

काट्याची बाजू मांडली की टॉवेलचीही मांडली पाहिजे. एप्रिल २०१७मध्ये बफेलो येथे वरच्या एका वर्गाचा विजेता डॅनियल कॉर्मिये २०५ पौंडांच्या मर्यादेसाठी काट्यावर आला तेव्हा २०६.२ भरला. तो आत गेला, तीन मिनिटांच्या आत परतला, आडोशासाठी समोर धरलेल्या टॉवेलच्या वरच्या काठावर त्याने दोन्ही हात ठेवले, नजर समोर शून्यात लावली, आणि काट्याने २०५ दाखवले. अर्ध्या शेराहून अधिक वजन तीन मिनिटांत कोठे गेले याची चर्चा पुष्कळ झाली. टॉवेल धरून उभ्या असलेल्या माणसांच्या मनगटांना विचारण्याचे कोणाला सुचले नाही. बाजारात तराजूच्या पारड्याला अंगठा लावणारा दुकानदार वजन वाढवतो. येथे तीच कला उलट्या दिशेने योजलेली दिसते.

वजनाचा निकाल लागल्यावर क्रमाचा प्रश्न येतो आणि तेथे गणित मदतीला धावते. या क्षेत्रात एक लोकप्रिय अनुमानपद्धती आहे: अ ने ब ला हरवले, ब ने क ला हरवले, म्हणून अ हा क ला हरवील. शाळेत हे लांबीरुंदीच्या बाबतीत खरे ठरलेले असल्याने माणसांवरही त्याचा प्रयोग केला जातो. एडी अल्व्हारेझने २०१७मध्ये गेजीला पाडले, गेजीने २०२३मध्ये डस्टिन पॉरिएला डोक्यात लाथ घालून पाडले, म्हणून अल्व्हारेझ पॉरिएला भारी. परंतु पॉरिएने २०१८मध्येच अल्व्हारेझला हरवून ठेवलेले आहे. याहून मोठे रिंगण हवे असल्यास तेही उपलब्ध आहे: पॉल फेल्डरने ऑलिव्हेराला हरवले, ऑलिव्हेराने पॉरिएला, पॉरिएने डॅन हूकरला आणि हूकरने फेल्डरला. चौघांपैकी कोणालाही वर धरा, बाकीचे त्याच्या खाली ओळीने लागतात आणि शेवटचा माणूस वरच्याची कॉलर धरून उभा राहतो. कोंदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५मध्ये दाखवून दिले होते की प्रत्येक मतदाराचे मत सरळ रेषेत असले तरी बहुमत वर्तुळात फिरू शकते. त्याच्या सिद्धान्ताला मनुष्यदेहाचा आणि फुटलेल्या भुवयांचा आधार मात्र पिंजऱ्याने पुरवला. या पद्धतीचा कळस इस्लाम मखाचेवच्या बाबतीत होतो. लाइटवेटचा पट्टा पुढे अनेकदा राखणाऱ्या या दागेस्तानी लढवय्याला २०१५मध्ये आद्रियानो मार्टिन्सने पहिल्याच फेरीत झोपवले होते. गणिताच्या न्यायाने मार्टिन्स हा मखाचेवच्या सर्व प्रतिस्पर्ध्यांचा अधिपती ठरतो. प्रत्यक्षात तो या यादीत कोठेही सापडत नाही.

बुद्धिबळातही क्रमवारी असते आणि तेथे ती बरीचशी खरी ठरते, कारण बुद्धिबळपटू वर्षाकाठी अनेक डाव खेळतो आणि हरल्यावर त्याच्या जबड्याला टाके पडत नाहीत. पिंजऱ्यातला माणूस वर्षाकाठी दोनतीनदाच लढतो. इतक्या थोड्या दाण्यांवरून पोत्याची परीक्षा करायची, तीही पंधरा पोत्यांची, म्हणजे शास्त्रापेक्षा ज्योतिषाचा भाग त्यात अधिक असणार हे उघड आहे.

ज्योतिष म्हटले की जुळवाजुळव आली. क्रमवारी लावणारा प्रत्येक विद्वान अखेर भावी लढती सुचवण्यावर येतो, आणि या कार्याला मराठीत एक अचूक शब्द आधीपासून आहे: जोड लावणे. जत्रेच्या फडात पंच दोन मल्लांना शेजारी उभे करून त्यांचे खांदे, मांड्या व मान डोळ्यांनी तोलतात, वस्तादांना विचारतात आणि इनामाची रक्कम पुकारून जोड लावतात. तेथे दोन्ही मल्ल निदान हजर असतात. लाइटवेटची जोड लावणारा विद्वान दोघांपासून हजारो मैलांवर असतो आणि त्याच्या सूचनेची दोघांनाही गंधवार्ता नसते. त्याचे सारे लेखन विध्यर्थात चालते: विजेत्याने पहिल्याशी लढावे, दुसऱ्याने थांबून राहावे, चौथ्याने आधी एकदा जिंकून दाखवावे आणि नवव्याने आता स्वतःपुरते पाहावे. शेवटच्या वाक्याचा अर्थ निवृत्त व्हावे असा असतो. व्याकरणदृष्ट्या हा भावे प्रयोग आहे, म्हणजे यात क्रियापद कर्त्याचेही ऐकत नाही आणि कर्माचेही. जोड सुचवणाऱ्याचा बाणा तंतोतंत तोच असतो.

सुचवल्या जाणाऱ्या जोडींचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात. पहिली परतफेडीची जोड, जीत हरलेला पक्ष मागचा निकाल अपघात होता असे मानतो. आयर्लंडचा कॉनर मॅकग्रेगर आणि पॉरिए यांच्या तीन लढती झाल्या. २०१४ची मॅकग्रेगरने जिंकली, २०२१मधल्या दोन्ही पॉरिएने, आणि तिसरीत पहिली फेरी संपता संपता मॅकग्रेगरचा पाय मोडला. पाय मोडलेल्या अवस्थेत जमिनीवर बसूनच त्याने प्रकरण मिटलेले नाही असे जाहीर केले, यावरून परतफेड ही पायांवर अवलंबून नसते हे स्पष्ट होते. दुसरी देवडीची जोड: नाव मोठे परंतु उतार लागलेला जुना लढवय्या देवडीवर उभा करून नव्या दमाच्या पोराला त्याच्या अंगावर सोडायचे, आणि पोर आत गेले की म्हाताऱ्याच्या अनुभवाचे कौतुक करायचे. तिसरी गल्ल्याची जोड, जिला क्रमवारीचे बंधन नाही. २०१६मध्ये लाइटवेटचा पट्टा जिंकलेल्या मॅकग्रेगरने तो एकदाही राखला नाही आणि ऑगस्ट २०१७मध्ये तो फ्लॉइड मेवेदरशी मुष्टियुद्ध खेळला. दरम्यान वर्गातले बाकीचे लोक आपल्या खऱ्या क्रमांकांसह घरी बसून ती लढत पाहत होते.

विजेता असा परागंदा झाला की संस्था हंगामी पट्टा काढते. हंगामी विजेता हा प्रभारी मुख्याध्यापकासारखा असतो: सही त्याची चालते, खुर्ची त्याला मिळत नाही, आणि मूळ मुख्याध्यापक कधी परतणार हे शिपायालाही ठाऊक नसते. याखेरीज २०१९मध्ये आणखी एक पट्टा घडवण्यात आला, ज्याच्या तीन इंग्रजी आद्याक्षरांचा विस्तार घरंदाज नियतकालिकात छापता येत नाही, पण ज्याचा आशय 'सर्वांत खमक्या इसम' असा आहे. पुढे हा पट्टा लाइटवेटच्या वजनात आला, आणि १३ एप्रिल २०२४ रोजी गेजीविरुद्धच्या लढतीत गुणांवर पुढे असलेल्या मॅक्स हॉलोवेने शेवटची दहा सेकंदे उरली असता पिंजऱ्याच्या मध्याकडे बोट दाखवून 'ये, इथे उभे राहू' अशी खूण केली. दोघे उभे राहिले, हात मोकळे सुटले आणि पाचव्या फेरीच्या ४ मिनिटे ५९ सेकंदांना गेजी तोंडावर कोसळला. जिंकलेली लढत शेवटच्या सेकंदाला पुन्हा पणाला लावणारा हा माणूस खालच्या वजनाच्या वर्गातून आलेला पाहुणा होता, ही गोष्ट यादीकारांनी मुकाट्याने गिळली.

परंतु लाइटवेटच्या जोडशास्त्राचा खरा ग्रंथ म्हणजे खबीब नुरमागोमेदोव आणि टोनी फर्ग्युसन यांची जोड. एक दागेस्तानचा, अजिंक्य, प्रतिस्पर्ध्याला जमिनीवर दाबून त्याच्याशी गप्पा मारणारा. दुसरा कॅलिफोर्नियाचा, सलग बारा विजयांची माळ गुंफणारा, जमिनीवर पाठ टेकलेली असतानाही कोपराने कपाळे फोडणारा. छत्तीसपैकी छत्तीस गुण जुळत होते आणि पाच वेळा मुहूर्त धरला गेला. डिसेंबर २०१५चा मुहूर्त खबीबच्या बरगडीने मोडला. एप्रिल २०१६चा फर्ग्युसनच्या फुप्फुसांनी मोडला. मार्च २०१७मध्ये वजन उतरवता उतरवता खबीबला रुग्णालयात न्यावे लागले आणि फर्ग्युसन त्याला पुढे तिरामिसू या इटालियन मिठाईच्या नावाने चिडवत राहिला. चौथा मुहूर्त ७ एप्रिल २०१८चा, ब्रुकलिनचा. त्याच्या आठवडाभर आधी फर्ग्युसन प्रसिद्धीच्या कामासाठी एका स्टुडिओत गेला, तेथे जमिनीवरच्या केबलला अडखळला आणि त्याच्या गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेल्या नवऱ्याचा नेमका गुडघाच निखळावा, हा योग कोणत्याही पंचांगात नव्हता. बातमी फुटली ती १ एप्रिलला, त्यामुळे हा एप्रिल फूल नाही हे संस्थेच्या प्रमुखाला वेगळे सांगावे लागले. फर्ग्युसनकडे तेव्हा हंगामी पट्टा होता. तो न हरता, केवळ अडखळून गेला.

पुढच्या सहा दिवसांत त्या वर्गात जे घडले ते क्रमवारीच्या तत्त्वज्ञांनी पाठ करावे असे आहे. बदली म्हणून खालच्या वर्गाचा विजेता हॉलोवे आला. गुरुवारी मॅकग्रेगर आपल्या मंडळींसह इमारतीत घुसला आणि त्याने खबीबच्या बसच्या काचेवर सामान वाहण्याची ढकलगाडी फेकली. काचा लागून शनिवारच्या त्याच कार्यक्रमातले दुसरेच दोन लढवय्ये जखमी झाले. शुक्रवारी वजन उतरवणाऱ्या हॉलोवेला वैद्यकीय कारणावरून थांबवण्यात आले. पॉल फेल्डर तयार होता, पण त्याचे नाव क्रमवारीत नव्हते आणि परवानगी देणाऱ्या राज्य आयोगाला ते चालले नाही. यादीच्या संपूर्ण कारकिर्दीत तिने बजावलेले हे सर्वांत ठोस कर्तव्य होय. अखेर अकराव्या क्रमांकावरचा अ‍ॅल आयाक्विंटा हजर होता, तोही मुळात फेल्डरशीच लढायला आलेला आणि एरवी घरे विकण्याचा परवाना बाळगणारा. तो १५५.२ भरला होता, म्हणजे साध्या लढतीला योग्य आणि पट्ट्याला दीड छटाकाने अयोग्य. त्यामुळे एकाने जिंकल्यास विजेता आणि दुसऱ्याने जिंकल्यास नुसताच विजयी, अशी एकतर्फी वरमाला घालून लढत झाली. घरे विकणारा पाचही फेऱ्या उभा राहिला, खबीब गुणांवर जिंकला, आणि एक ते दहा क्रमांकांचे मानकरी कोठे होते हे विचारण्याचे भान कोणाला उरले नाही.

पाचवा मुहूर्त १८ एप्रिल २०२०चा होता. या वेळी कोणाची बरगडी, फुप्फुस, गुडघा किंवा मिठाई आडवी आली नाही. साऱ्या जगाला टाळे लागले आणि खबीब रशियात अडकला. कार्यक्रमच रद्द झाला. त्याच वर्षी खबीब २९ विजय आणि शून्य पराभवांसह निवृत्त झाला. फर्ग्युसन मेमध्ये गेजीकडून हरला आणि त्यानंतर हरतच गेला, २०२४पर्यंत सलग आठ वेळा. ज्या लढती झाल्या त्यांचा क्रम असा लागून गेला, आणि जी झाली नाही ती मात्र आजही सर्वांत वर आहे, म्हणजे या शास्त्राच्या परिभाषेत विजेत्याच्या जागी, बिनक्रमांकाने. तिला कोणी हरवू शकत नाही, कारण ती कोणाशीच लढलेली नाही.

१७ एप्रिल २०२० रोजी, म्हणजे ज्या दिवशी वजने व्हायची होती त्या दिवशी, लढत नाही हे पक्के ठाऊक असताना टोनी फर्ग्युसनने मीठ तोडले होते, पाणी तोडले होते, अंगातला घाम काढला होता. समोर प्रतिस्पर्धी नव्हता, आडोशाचा टॉवेल नव्हता, ओरडायला प्रेक्षक नव्हते. तो काट्यावर उभा राहिला. काट्याने १५५ दाखवले. पावशेर जास्त नाही की छटाकभर कमी नाही.